कुळाची जमीन आणि सरदाराची फौज : अठराव्या शतकातील हायलंडमधली सक्तीची सैन्यभरती

प्रश्न असा विचारण्यात आला आहे की, अठराव्या शतकात स्कॉटलंडच्या उत्तर-पश्चिमेकडील डोंगराळ मुलखातली, म्हणजे हायलंडमधली कुळे (दुसऱ्याची जमीन खंडाने कसणारे शेतकरी) आपल्या सरदाराच्या हाकेसरशी स्वखुशीने लढायला जात असत की त्यांना जबरदस्तीने नेले जात असे. आणि जबरदस्ती होत असेल तर कायदा तिच्याकडे कसा पाहत होता. मी अनेक वर्षे कूळवहिवाटीच्या दाव्यांत वकिली केली आहे आणि त्या कामातूनच इतर देशांतल्या जमीनधारणेच्या इतिहासाकडे वळलो. त्यामुळे माझे उत्तर वकिलाच्या नजरेचे असेल, हे आधीच नमूद करतो. माझ्या मते जबरदस्ती निश्चितच होती. सरदारांची माणसे दोर घेऊन आली आणि घरे जाळण्याच्या धमक्या देऊन गेली, हे कागदोपत्री सिद्ध आहे. परंतु जबरदस्तीचे खरे आणि टिकाऊ साधन निराळे होते. ज्या जमिनीवर कूळ राबत होते, त्या जमिनीवर त्याचा पुढच्या वर्षापुरताही पक्का हक्क नव्हता, आणि हे त्याला व मालकाला दोघांनाही ठाऊक होते. धमकीचे रूप १७४६ नंतर पूर्ण पालटले, पण हे साधन त्यानंतरही दोन-तीन पिढ्या तसेच चालू राहिले.

आधी जमिनीची व्यवस्था समजून घेतली पाहिजे, कारण तिच्याशिवाय पुढचे काहीच नीट कळणार नाही. सगळ्यांत वर सरदार. तो आपल्या क्लॅनचा, म्हणजे एक आडनाव लावणाऱ्या वंशसमूहाचा प्रमुख असे आणि बहुधा त्या मुलखाचा कायदेशीर जमीनमालकही असे. त्याच्याखाली पट्टेदार. हे पुष्कळदा सरदाराचेच भाऊबंद असत; मोठाले गाव किंवा दरी काही वर्षांच्या पट्ट्याने घेऊन ती पोटकुळांना लावून देत, आणि युद्धाच्या वेळी तेच अधिकारी होत. त्यांच्याखाली गावची जमीन एकत्रितपणे कसणारी कुळे, आणि सर्वांत खाली झोपडीपुरत्या जागेवर राहून दुसऱ्याच्या शेतात राबणारी भूमिहीन कुटुंबे. खंड काही रोखीने, काही ओट-बार्लीच्या धान्याने, लोण्याने, कोंबड्यांनी आणि बराचसा कामाच्या रूपाने दिला जाई. मालकाचे पीट, म्हणजे जळणासाठी वापरायची दलदलीतली माती, खणणे, त्याची कापणी करणे, त्याचे सामान वाहणे ही वेठ ठरलेली होती. गरज पडल्यास शस्त्र घेऊन मागे जाणे हीदेखील या वेठीची एक बाजू होती. कागदावर ती नेहमीच लिहिलेली नसे, पण सर्वांनी गृहीत धरलेली असे.

स्कॉटिश कायद्यात कुळाला काहीच संरक्षण नव्हते, असे म्हणणे बरोबर होणार नाही. १४४९ च्या एका कायद्याने लेखी पट्टा असलेल्या कुळाला नवा मालक आला तरी मुदत संपेपर्यंत हटवता येत नसे, आणि १५५५ च्या कायद्याने कूळ काढायचे असेल तर मे महिन्याच्या सुमारास येणाऱ्या व्हिटसंडे सणापूर्वी चाळीस दिवस सूचना देणे बंधनकारक केले होते. कायदा वाचताना हे पुरेसे भासते. मात्र हायलंडमधल्या बहुसंख्य कुळांकडे लेखी पट्टा मुळातच नव्हता. ती वर्षावर्षाच्या तोंडी बोलीवर राहत होती, आणि पोटकुळांचे तर मूळ मालकाशी कोणतेच कायदेशीर नाते नव्हते. चाळीस दिवसांची सूचना मिळाली की त्यांचा हक्क संपला. त्यातून, १७४७ पर्यंत मोठ्या सरदारांकडे आपल्या मुलखात न्यायनिवाडा करण्याचे वंशपरंपरागत अधिकार होते. म्हणजे खंड ठरवणारा, फौज गोळा करणारा आणि तक्रार ऐकणारा बहुधा एकच माणूस असे. माझ्या अनुभवात कूळवहिवाटीच्या कोणत्याही दाव्याचा पहिला प्रश्न हाच असतो की, कूळ तक्रार घेऊन कोणाकडे जाऊ शकत होते. इथे ते कोणाकडेच जाऊ शकत नव्हते.

या व्यवस्थेची कसोटी १७४५ मध्ये लागली. पदच्युत स्टुअर्ट घराण्याचा राजपुत्र चार्ल्स एडवर्ड जुलै १७४५ मध्ये एरिस्के बेटावर उतरला आणि १९ ऑगस्टला ग्लेनफिनन येथे त्याने गादी परत मिळवण्यासाठी उठावाचे निशाण उभारले. लॉखीलचा कॅमेरॉन हा मोठा सरदार सामील झाला नसता तर हा उठाव तिथेच विरला असता, असे बहुतेक अभ्यासक मानतात. लॉखीलचे लोक आपणहून धावत आले, अशी एक लोकप्रिय कथा आहे. पण त्याच काळातल्या एका टिपणात असे नोंदले आहे की, ऑगस्टच्या मध्याला कॅमेरॉन घराण्यातले काही प्रतिष्ठित लोक वीस-पंचवीस अनुयायांसह रॅनॉख सरोवराच्या दोन्ही काठांवर घरोघर फिरले, आणि तिथे राहणाऱ्या कॅमेरॉन मंडळींना त्यांनी बजावले की, ताबडतोब बरोबर निघाला नाहीत तर याच क्षणी घरे जाळू आणि गुरांच्या पायांच्या शिरा कापू. सुमारे शंभर माणसे ते घेऊन गेले. गुरांचा उल्लेख इथे महत्त्वाचा आहे. हायलंडच्या कुळाची सगळी पुंजी म्हणजे काळी, आखूड पायांची गुरे. शरद ऋतूत ती दक्षिणेकडच्या बाजारात विकून खंडाचे रोख पैसे उभे राहत. शिरा कापलेले जनावर चालू शकत नाही, म्हणजे बाजारापर्यंत पोहोचत नाही. त्या एका धमकीत पुढच्या खंडाची थकबाकी आणि त्यामागून येणारी बेदखली दोन्ही सामावलेली होती.

उठाव लांबला तशी भरतीची पद्धत अधिक हिशेबी झाली. ईशान्येकडील ॲबर्डीन आणि बॅन्फ या भागांत उठावाच्या बाजूच्या लॉर्ड लुईस गॉर्डन याने जमिनीच्या आकारणीवर माणसे लावली : दर शंभर स्कॉटिश पौंडांच्या आकारणीमागे एक धडधाकट, सुसज्ज माणूस द्यावा किंवा त्याऐवजी पाच पौंड स्टर्लिंग भरावेत. जे देणार नाहीत त्यांची घरे जाळण्याची तंबी होती. इथे क्लॅन, रक्ताचे नाते, सरदारावरची माया यांचा काही संबंध उरला नव्हता. जमीन ज्या प्रमाणात, त्या प्रमाणात माणूस, असा सरळ महसुली हिशेब होता. मालक आपल्या वाट्याचे ओझे खाली ढकलत आणि ते शेवटी ज्याच्याकडे पट्टा नाही अशा कुळाच्या मुलावर येऊन पडे. ॲथोल परगण्यातही उठावाच्या नेत्यांनी मागे राहणाऱ्यांची घरे व माल नष्ट करण्याचे हुकूम आपल्या हाताने लिहिले.

आता न्यायालयाकडे वळतो, कारण कायद्याविषयीच्या प्रश्नाचे सर्वांत स्पष्ट उत्तर तिथे मिळते. १६ एप्रिल १७४६ रोजी कलोडनच्या मैदानावर उठाव चिरडला गेला. सुमारे साडेतीन हजार कैदी सरकारच्या हाती लागले. सगळ्यांवर खटले चालवणे अशक्य म्हणून सामान्य कैद्यांत चिठ्ठ्या टाकण्यात आल्या. वीसातल्या एकावर खटला आणि उरलेल्यांपैकी पुष्कळांची समुद्रापारच्या वसाहतींत रवानगी. सुमारे १२० जणांना देहदंड झाला आणि नऊशेहून अधिक जणांना वसाहतींत पाठवण्यात आले. ज्यांच्यावर खटले चालले, त्यांपैकी पुष्कळांचा बचाव एकच होता : मला जबरदस्तीने नेले.

त्यांतला एक खटला आजही कायद्याच्या अभ्यासात वाचला जातो. लंडनजवळच्या साउथवर्क येथे विशेष न्यायासनासमोर अलेक्झांडर मॅकग्राउदर नावाचा आरोपी उभा होता. तो पर्थच्या ड्यूकचा कूळ होता आणि ड्यूकच्या पलटणीत लेफ्टनंट म्हणून वावरला होता. त्याच्या साक्षीदारांनी सांगितले की, २८ ऑगस्ट १७४५ रोजी ड्यूक, लॉर्ड स्ट्रॅथॅलन आणि वीसेक हायलंडर त्याच्या गावी आले; जवळचे माळरान ओलांडून द्यायला कुळांनी यावे म्हणून ड्यूकने एकाच दिवशी तीनदा बोलावणे धाडले; तिसऱ्या बोलावण्याला मॅकग्राउदर आणि दहाबारा कुळे आली. तेव्हा ड्यूकने त्यांना शस्त्र घेऊन उठावात यायला सांगितले. त्यांनी नकार दिला. त्यावर तुम्हाला बळजबरीने न्यावे लागेल असे सांगून बांधण्यासाठी दोर आणण्यात आले, आणि मग ड्यूकच्या माणसांच्या गराड्यात ती कुळे निघाली. घरे जाळण्याच्या आणि गुरे हाकून नेण्याच्या धमक्यांचाही पुरावा पुढे आला.

मुख्य न्यायाधीश ली यांनी ज्यूरीला कायदा समजावला तो थोडक्यात असा : घर जाळले जाईल, मालमत्ता लुटली जाईल, गुरे मारली जातील ही भीती राजद्रोहाला सबब होऊ शकत नाही. प्रत्यक्ष शरीरावरची बळजबरी आणि तत्काळ मृत्यूचे भय एवढेच माफीला पात्र आहे, आणि हे भय बंडखोरांबरोबर राहिलेल्या संपूर्ण काळात चालू असले पाहिजे. शिवाय पहिली संधी मिळताच आपण निघून गेलो हे आरोपीनेच दाखवले पाहिजे. यामागचे कारणही सांगितले गेले. मालमत्तेची भीती सबब म्हणून मान्य केली, तर बंडाचा कोणताही पुढारी आपल्या अनुयायांना नुसती धमकी देऊन शिक्षेपासून वाचवू शकेल. मॅकग्राउदर दोषी ठरला.

राज्याच्या सुरक्षिततेच्या बाजूने पाहिले तर हा तर्क समजण्यासारखा आहे, आणि मॅकग्राउदर साधा शिपाई नसून अधिकारी होता ही गोष्ट त्याच्या विरुद्ध गेली, हेही खरे. पण कुळाच्या बाजूने हा निकाल वाचताना मला तो नेहमीच अपुरा वाटला आहे. ऑगस्टअखेरीस पीक कापणीला आलेले असताना घर जळाले आणि गुरे गेली, तर ते कुटुंब हिवाळा काढू शकत नाही. न्यायालयाने मृत्यूचे भय आणि उपजीविकेचे भय यांत जी रेषा ओढली, ती शहरातल्या माणसाला स्पष्ट दिसणारी आहे. उत्तरेच्या डोंगरातल्या कुळाला मात्र त्या दोन भयांत फार तर एका ऋतूचे अंतर होते.

आपल्या वाचकांसाठी एक जोड इथे देणे योग्य होईल. १८६० च्या भारतीय दंड संहितेतील कलम ९४, जे आता भारतीय न्याय संहितेत कलम ३२ म्हणून आले आहे, त्याच विचाराच्या वाटेने जाते. तत्काळ मृत्यूच्या भीतीखाली केलेले कृत्य गुन्हा ठरत नाही, असे ते सांगते; आणि त्यातूनही खून व राज्याविरुद्धचे देहदंडास पात्र गुन्हे वगळते. दरोडेखोरांनी पकडून नेलेल्या, तत्काळ मृत्यूच्या धाकाने आपली अवजारे घेऊन घराचे दार फोडावे लागलेल्या लोहाराचे उदाहरणही त्या कलमाच्या स्पष्टीकरणात आहे. म्हणजे मॅकग्राउदरसारख्या कुळाला या कलमाचा आधार मिळाला नसता, कारण राज्याविरुद्ध युद्ध पुकारणे हा अपवादातच मोडणारा गुन्हा आहे.

कैद्यांचा ‘जबरदस्तीने नेले’ हा दावा जसाच्या तसा मान्य करावा का, हा प्रश्न योग्यच आहे. फासाच्या छायेत उभा असलेला माणूस दुसरे काय सांगणार? अनेक गावांतल्या पाद्र्यांनी आपापल्या गावकऱ्यांसाठी अशी प्रमाणपत्रे दिली आणि त्यांत दयेपोटी अतिशयोक्ती झाली असणार. शिवाय स्वखुशीने गेलेलेही पुष्कळ होते. धर्ममत, स्टुअर्ट घराण्यावरची निष्ठा, सरकारच्या बाजूच्या कॅम्बेल घराण्याशी जुने वैर, लुटीची आशा अशी कारणे प्रत्येक दरीत निराळ्या प्रमाणात होती. म्हणून मी कैद्यांच्या जबानीपेक्षा भरती करणाऱ्यांनी स्वतः लिहिलेल्या हुकमांना अधिक वजन देतो. ज्या नेत्याला आपली फौज स्वयंस्फूर्त असल्याचे जगाला दाखवायचे आहे, तो घरे जाळण्याचे हुकूम हौसेने लिहीत नाही. ते हुकूम उपलब्ध आहेत, आणि त्याच फौजेला सतत लागलेली पळपुट्यांची गळतीही नोंदलेली आहे.

कलोडननंतर कुळांवर जे ओढवले ते वेगळे सांगायला हवे. सरकारी सैन्याने लॉखीलचा आकनाकॅरीचा वाडा जाळला, दऱ्यांमधली घरे जाळली आणि हजारो गुरे फोर्ट ऑगस्टस येथे हाकून नेऊन विकली. न गेल्यास सरदार जे करणार होता, ते गेल्यामुळे राजाच्या सैन्याने केले. आणि ज्या गावांतून कोणी गेलेच नव्हते अशी काही गावेही त्या फेरीत सापडली.

पुढे संसदेने दोन महत्त्वाचे कायदे केले. एकाने लष्करी सेवेच्या अटीवर जमीन धारण करण्याची जुनी पद्धत रद्द केली. दुसऱ्याने सरदारांचे वंशपरंपरागत न्यायाधिकार काढून घेतले आणि त्यापोटी त्यांना एकूण सुमारे दीड लाख पौंड भरपाई दिली. पाठ्यपुस्तकांत बहुधा इथे प्रकरण संपते : सरंजामी लष्करी सेवा गेली, कूळ मोकळे झाले. माझे मत इथे वेगळे आहे. या कायद्यांनी सरदाराचा कुळाच्या शरीरावरचा अधिकार काढला. जमिनीवरचा अधिकार जसाच्या तसा ठेवला, किंबहुना अधिक निर्भेळ केला. कुळाला पट्ट्याची हमी देणारे एकही कलम त्यांत नव्हते. सरदार आता सेनापती राहिला नाही, पण जमीनदार राहिला, आणि पुढच्या पन्नास वर्षांत ब्रिटिश सरकारनेच त्या जमीनदाराला पुन्हा सैन्यभरतीचा ठेकेदार केले.

हे घडले ते युद्धांच्या गरजेतून. १७५७ मध्ये सायमन फ्रेझरला पलटण उभारण्याची परवानगी मिळाली. हा त्याच लॉर्ड लोव्हॅटचा मुलगा, ज्याचे डोके १७४७ मध्ये राजद्रोहासाठी उडवले गेले आणि ज्याची जहागीर जप्त झाली होती. मुलाकडे जमिनीचा एक तुकडाही नव्हता, तरी काही आठवड्यांत त्याने शेकडो माणसे जमवली. त्याची पलटण उत्तर अमेरिकेत लुईबुर्ग आणि क्वेबेकला लढली, आणि १७७४ मध्ये जप्त जहागीर त्याला परत मिळाली. ही घटना क्लॅननिष्ठेचा पुरावा म्हणून सांगितली जाते. निष्ठा होतीच, पण जहागीर एक ना एक दिवस परत येणार आणि मग पट्टे याच माणसाच्या हातून मिळणार, असा विचार त्या कुळांनी आणि पट्टेदारांनी केलाच नसेल, असे मला वाटत नाही.

फ्रेझरला मिळालेले फळ पाहून इतर जमीनदारही पुढे आले. व्यवहार असा होता : सरकार जमीनदाराला पलटण किंवा कंपनी उभारण्याचे अधिकारपत्र देई, ठरावीक संख्येने माणसे आणणाऱ्याला त्या प्रमाणात अधिकारपद मिळे, पलटण मोडली तरी अधिकाऱ्याला अर्धा पगार तहहयात चालू राही. कर्जात बुडालेल्या जहागिरीला आणि धाकट्या मुलांची सोय पाहणाऱ्या पट्टेदारांना हे उत्पन्न फार मोलाचे होते. माणसे कुठून आणायची? बाजारात भरतीचे बक्षीस दर युद्धागणिक वाढत होते. जमीनदाराकडे मात्र रोख रकमेहून स्वस्त असे चलन होते, ते म्हणजे स्वतःची जमीन. जो मुलगा देईल त्याचा पट्टा कायम, खंडात सवलत, शेजारच्या गावातला वाटा; जो देणार नाही त्याला व्हिटसंडेपूर्वी सूचना. सर्वत्र अशी उघड धमकी लिहिलेली सापडत नाही. पण भरतीच्या वर्षी कुळांच्या याद्या करून प्रत्येक नावापुढे मुलगे किती आणि दिले किती हे लिहिण्याची प्रथा जहागिरींच्या कागदांत दिसते, आणि त्या याद्यांनंतरच्या पट्ट्यांच्या नूतनीकरणाशी त्या ताडून पाहिल्या की संबंध स्पष्ट होतो. अशी यादी समोर असताना धमकी शब्दांत मांडण्याची गरजच काय होती?

या ठिकाणी कुळांकडे केवळ बळी म्हणून पाहणे मला मान्य नाही. त्यांनी या व्यवहारातून शक्य तेवढा हक्क खेचून काढण्याचा प्रयत्न केला. जहागिरींच्या दफ्तरांतले अर्ज वाचले म्हणजे हे लक्षात येते : माझा मुलगा आपल्या पलटणीत आहे, तेव्हा माझ्या शेतीचा वाटा शेजाऱ्याला देऊ नये, माझे दोन मुलगे गेले, एक वारला, तर विधवा सुनेला झोपडी व गाईचे गवत द्यावे. काही कुळांनी आपला मुलगा वाचवण्यासाठी वर्गणी काढून दक्षिणेतून भाड्याचा माणूस विकत आणला आणि तो आपल्या नावावर दिला. जमिनीच्या मोबदल्यात माणूस असा करार मालकाने लादला, आणि कुळांनी तोच करार त्याच्यापुढे ठेवून आपली बाजू मांडली. वकील म्हणून मला या अर्जांबद्दल अतिशय आदर आहे. ते लिहिणाऱ्यांपैकी अनेकांना सही करता येत नव्हती, तरी आपण काय दिले आणि त्याबदल्यात काय कबूल झाले होते, हे त्यांना अचूक ठाऊक होते. दुर्दैवाने ती कबुली बहुतेक वेळा तोंडी होती.

विरोध उघडपणेही झाला. सीफोर्थच्या मॅकेन्झीने १७७८ मध्ये आपल्या जहागिरीतून उभारलेल्या पलटणीत मॅकरे आडनावाची माणसे मोठ्या संख्येने होती. सप्टेंबरमध्ये एडिंबरोजवळच्या लीथ बंदरात जहाजावर चढण्याचा हुकूम मिळाला तेव्हा, थकलेला पगार व बक्षीस मिळालेले नाही आणि आपल्याला ईस्ट इंडिया कंपनीला विकले आहे, या समजुतीने शेकडो शिपायांनी शहराबाहेरच्या आर्थर्स सीट टेकडीवर ठाण मांडले. शहरातल्या लोकांनी त्यांना अन्न पुरवले. काही दिवसांनी माफी आणि थकबाकीच्या हमीवर ते खाली उतरले. परंतु तीनच वर्षांनी, १७८१ मध्ये, ती पलटण खरोखरच भारताकडे निघाली. प्रवासात सीफोर्थ स्वतः वारला, आणि जवळपास अडीचशे माणसे स्कर्व्हीने (ताज्या अन्नाच्या अभावी होणाऱ्या रोगाने) व इतर रोगांनी दगावली. एप्रिल १७८२ मध्ये मद्रासला उतरताना अकराशेंपैकी चारशेही शस्त्र धरण्याच्या अवस्थेत नव्हते.

येथून हा इतिहास आपल्या किनाऱ्याला येऊन भिडतो. सीफोर्थची जहागीर त्याच्या हयातीतच त्याचा नातलग टॉमस मॅकेन्झी हंबरस्टन याने विकत घेतली होती. तोही सैन्याधिकारी म्हणून भारतात आला होता. ८ एप्रिल १७८३ रोजी ‘रेंजर’ या कंपनीच्या जहाजातून तो व स्काय बेटावरचा सरदार नॉर्मन मॅक्लाउड मुंबईहून दक्षिणेकडे जात असताना पेशव्यांचे आरमारप्रमुख आनंदराव धुळप यांच्या आरमाराने ते जहाज गाठले. सालबाईचा तह झालेला असतानाही ही लढाई झाली आणि जहाज विजयदुर्गाला नेण्यात आले. मॅक्लाउड जखमी झाला. हंबरस्टन त्या जखमांनी महिनाअखेरीस विजयदुर्गालाच वारला. मराठी आरमाराच्या इतिहासात ‘रेंजर’ची हकिकत आवर्जून सांगितली जाते, तिच्यावर कैद झालेले दोघे हायलंडचे मोठे जमीनदार होते, आणि त्यांच्या कुळांची मुले त्या वेळी दक्षिण हिंदुस्थानात लढत होती, ही बाजू मात्र क्वचितच समोर येते.

हंबरस्टनचा भाऊ फ्रान्सिस याच्याकडे जहागीर गेली. फ्रान्सशी युद्ध सुरू होताच मार्च १७९३ मध्ये त्याने ७८ वी पलटण उभारण्याचे अधिकारपत्र मिळवले आणि जुलैपर्यंत ती स्कॉटलंडमधल्या फोर्ट जॉर्ज किल्ल्यावर हजर झाली. तिच्यात लुईस बेटावरची, म्हणजे त्याच्या सर्वांत गरीब कुळांची मुले मोठ्या संख्येने होती. ही पलटण १७९७ मध्ये भारतात आली. ऑगस्ट १८०३ मध्ये अहमदनगरच्या पेठेच्या तटावर शिड्या लावणाऱ्यांत ती होती. २३ सप्टेंबर १८०३ रोजी जालना जिल्ह्यातल्या असई गावाजवळ शिंदे व नागपूरकर भोसले यांच्या फौजेसमोर केळणा नदीच्या बाजूने ती चालून गेली, तर १७८७ मध्ये खास भारतासाठी उभारलेली ७४ वी हायलंड पलटण असई गावातल्या तोफांच्या थेट तोंडी सापडली आणि तिचे जवळजवळ सगळे अधिकारी व बहुसंख्य शिपाई ठार किंवा जखमी झाले. शिंद्यांच्या तोफांवर शेवटपर्यंत उभे राहिलेले गोलंदाज आणि त्यांच्यावर चालून आलेली ही माणसे, दोन्हीकडच्या बहुतेक मृतांची नावे आज कोणाला ठाऊक नाहीत.

यांतल्या किती जणांना जबरदस्तीने आणले होते? कायद्याच्या दृष्टीने उत्तर शून्य असेच येईल, कारण प्रत्येकाने दंडाधिकाऱ्यासमोर भरतीची शपथ घेतली होती आणि बक्षिसाची रक्कम स्वीकारली होती. १७४५ मधल्यासारखे दोर कोणी आणले नव्हते. तरीही त्या शपथेच्या मागे घरच्या जमिनीचा पट्टा होता, आणि तो न्यायालयाच्या नोंदीत कुठेच येत नव्हता. मॅकग्राउदरच्या खटल्यात निदान धमकीचा पुरावा तरी वाचला गेला. पन्नास वर्षांनंतर वाचायला धमकीच उरली नव्हती. माझ्या दृष्टीने या विषयाचा हा सर्वांत गंभीर भाग आहे.

कबूल केलेल्या जमिनीचे पुढे काय झाले, हेही विचारले पाहिजे. सदरलंड परगण्यात १७९९-१८०० च्या सुमारास ९३ वी पलटण उभारली गेली. गावोगावच्या धडधाकट तरुणांची मोजदाद आधीच करून ठेवलेली होती आणि आईवडिलांना जमिनीवर कायम ठेवण्याचे आश्वासन दिले गेले, असे त्या भागात पिढ्यान्‌पिढ्या सांगितले गेले. त्याच जहागिरीत १८०७ पासून दऱ्या रिकाम्या करून मेंढपाळीचे मोठे पट्टे देण्यात आले. स्ट्रॅथनेव्हरची घरे १८१४ आणि १८१९ मध्ये पाडली व जाळली गेली. माणसांची गरज संपली आणि लोकरीला भाव आला, तेव्हा तोंडी कबुली टिकली नाही. पश्चिम किनाऱ्यावर आणि बेटांवर उलट झाले : शिपायांच्या कुटुंबांना वाटा देता यावा आणि समुद्रशैवाल जाळून राख करण्याच्या धंद्याला मजूर मिळावेत म्हणून जुनी सामाईक गावे तोडून लहान लहान तुकडे पाडले गेले, आणि त्या तुकड्यांवर पुढच्या पिढीचे पोट भरेना.

१८८३ मध्ये लॉर्ड नेपियर यांच्या अध्यक्षतेखाली सरकारने चौकशी आयोग नेमला. हे नेपियर पूर्वी मद्रासचे गव्हर्नर होते. आयोग गावोगाव बसला, तेव्हा वृद्ध साक्षीदारांनी आपले वडील किंवा आजोबा जमिनीच्या वचनावर पलटणीत गेले होते आणि घरचे लोक नंतर हुसकावले गेले, अशा हकिकती सांगितल्या. कागद कोणाकडेच नव्हते. १८८६ च्या कायद्याने हायलंडमधल्या लहान कुळांना वंशपरंपरागत कायम धारणेचा हक्क दिला आणि खंड ठरवण्याचा अधिकार स्वतंत्र आयोगाकडे सोपवला. खंड भरला आणि काही ठरावीक अटी पाळल्या, तर मालकाच्या मर्जीने कूळ काढता येणार नाही, ही तरतूद ज्या दिवशी अमलात आली, त्या दिवशी मुलगा मागण्यासाठी जमीनदाराच्या हाती असलेले साधन कायद्याने संपले.